सातबाऱ्यावर पोटखराबा, डब्यात दगडफूल

मंडळी, दगडफुलाशिवाय गोडा मसाला होत नाही हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. पण हे दगडफूल म्हणजे नक्की काय, ते येतं कुठून आणि किती शिल्लक आहे, असं विचारलं की आपण सगळे गप्प.

आधी थोडी माहिती. दगडफूल हे फूल नाही आणि शेवाळही नाही. बुरशी आणि शैवाल यांचा तो एकत्र संसार. शैवाल उन्हावर अन्न बनवतं, बुरशी त्याला आसरा आणि ओलावा देते. मराठीत याला शैवाक म्हणतात. बाजारात 'दगडफूल' म्हणून मिळतं ते एकाच जातीचं नसतं, चार-पाच जातींची मिसळ असते. त्यातलं बरंचसं उत्तराखंडकडच्या जंगलातून येतं, तेही मुख्यतः झाडांच्या सालीवरून काढलेलं. त्याची शेती कुणी करत नाही. येतं ते सगळं रानातलं.

याचेच भाऊबंद आपल्या सड्यावर, गडांच्या कातळावर असतात. जांभ्यावर राखाडी, हिरवट, काळे, पिवळे डाग दिसतात ना, ते हेच. काही तर खडकाला इतके चिकटलेले की नखाने निघत नाहीत. असे चिकटे शैवाक वर्षाला बहुधा एक मिलिमीटरही वाढत नाहीत. म्हणजे तळहाताएवढा डाग आपल्या आजोबांच्याही आधीचा असू शकतो. त्यावर ऑइलपेंटने बाण किंवा स्वतःचं नाव काढायला दोन मिनिटं पुरतात.

आता सरकारी कागद बघा. सड्याचा बराच भाग सातबाऱ्यावर 'पोटखराबा'. लागवडीलायक नाही, एवढाच त्याचा अर्थ. पण आपण त्याचा अर्थ 'निरुपयोगी' असा केला. मग तिथे चिरेखाण आली, जेसीबी आला, उन्हाळ्यात वणवाही लावला. गवत पावसाळ्यात परत येतं. कातळावरचा शैवाक आपल्या हयातीत परत येईल याची खात्री नाही.

कायद्याचं काय? वन्यजीव संरक्षण कायद्यात 1991 साली वनस्पतींची यादी घातली गेली. तिच्यात सहा नोंदी होत्या, शैवाक एकही नव्हता.

अमेरिकेत ॲपालाशियन डोंगरात धुक्याच्या ओल्या कड्यांवर 'रॉक नोम' नावाचा एक शैवाक आहे. बहुतेक ठिकाणी तो जेमतेम चौरस मीटरभर जागेत उरलेला. 1995 साली तिथल्या सरकारने त्याला संकटग्रस्त जाहीर केलं. धोके कोणते? गिर्यारोहकांचे पाय, गोळा करणारे हात, आणि एका परदेशी किडीने वरची फरची झाडं मारल्यामुळे गेलेली सावली. हे सगळं कळलं, कारण कुणीतरी कड्याकड्यावर जाऊन मोजलं होतं. आपल्याकडे तज्ज्ञ नाहीत असं नाही. पुण्याच्या आघारकर संस्थेत शैवाकांचा अभ्यास कित्येक दशकं चालू आहे. पण तो अभ्यास आणि गावचा सडा यांची गाठ पडत नाही.

कुणी म्हणेल, मग घरं बांधायची नाहीत का? चिरा नको का? चिरा हवाच. खाणीवर पोट असलेली माणसं आपलीच आहेत. पण खाण कुठे चालेल आणि कुठला कातळ तसाच ठेवायचा, हे ठरवायला तिथे काय आहे ते आधी माहीत हवं. सगळ्या सड्याला एकच शिक्का मारला की निवडायला काही उरत नाही.

माझी मागणी साधी आहे आणि त्यासाठी मंत्रालयात जायची गरज नाही. 2002 च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही हवी. पुढच्या ग्रामसभेत उठून ती वही बघायला मागा. आंबा, काजू, फणस असेलच. कातळावर काय वाढतं त्याचं पान आहे का, ते विचारा. नसेल तर जवळच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना आणि सडा पायाखाली घातलेल्या गुराख्यांना एकत्र बसवा. फोटो, जागा, तारीख, एवढ्याने सुरुवात होते. आणि हो, नोंद करायची म्हणून खरवडून घरी आणू नका.

उद्या सड्यावर कुठलाही प्रकल्प आला की 'इथे काही नाही' असंच आपल्याला ऐकवलं जाणार. तेव्हा हातात भावना नको, वही हवी.

तुमच्या पंचायतीत ती वही आहे का? बघून आलात की गावाच्या नावासह खाली लिहा.