राखीव फळीचे मोल

बँकेत राखीव निधीचे मोल तंगीच्या दिवसांत कळते. क्रिकेट संघात राखीव फळीचे, हुकमी गोलंदाज जायबंदी झाल्यावर. कल्याणचा तुषार देशपांडे फेब्रुवारी २०२४ मध्ये रणजीत बडोद्याविरुद्ध अकराव्या क्रमांकावर येऊन १२३ धावा करून गेला, जुलैत भारताकडून खेळला आणि त्याच वर्षी घोट्याच्या शस्त्रक्रियेमुळे मैदानाबाहेर बसला. पालघरच्या शार्दूल ठाकूरच्या पायावरही २०२४ मध्येच शस्त्रक्रिया झाली. दोघेही परतले; शार्दूलने तर जानेवारी २०२५ मध्ये जम्मू-काश्मीरविरुद्ध ११९ धावा काढल्या. यात जिद्द आहेच. पण दुखणे पुरते बरे होईपर्यंत थांबण्याची मुभा त्यांना मिळते ती मागच्या फळीमुळे. डोंबिवलीहून पहाटेच्या लोकलने किट घेऊन निघणारा मुलगा अकरांत नसला, तरी आईवडिलांनी हिरमुसू नये. त्याच्याच भरवशावर कुणाचा तरी पाय बरा होत असतो.