ओपेथ बाटलं म्हणे!

"ओपेथ आता पहिल्यासारखं राहिलं नाही!" मेटल ऐकणारा प्रत्येक जण कधी ना कधी हे म्हणतो, आणि चेहरा असा करतो की जणू घरातलंच कुणी बाटलं. मला या वाक्याचा अगदी वीट आलाय.

नातेवाईक मंडळींसाठी थोडक्यात: ओपेथ हा स्वीडनचा डेथ मेटल बँड. डेथ मेटल म्हणजे पोटातून काढलेला गुरगुरता आवाज आणि कान किटवणाऱ्या गिटारी. (आई म्हणते, रेडा ओरडतोय. फार चूक नाही!) पण १९९५ च्या 'ऑर्किड' या पहिल्या अल्बमपासूनच त्या गुरगुरीत मधेच शांत गिटार यायची, मिकाएल ओकरफेल्ट साध्या गळ्याने गायचा. २००३ चा 'डॅम्नेशन' तर अख्खा बिनगुरगुरीचा. म्हणजे बदल हाच यांचा जुना स्वभाव. तरीही २०११ साली 'हेरिटेज'मधून गुरगुर गेली, सत्तरच्या दशकातल्या रॉकचा रंग आला, आणि भक्त खवळले. "विकले गेले!"

अहो, कुणाला? विकला जाणारा माणूस हातचं गिऱ्हाईक दुखावतो का? बरं, गळा गेला म्हणावं तर स्टेजवर जुनी गाणी गुरगुरीसकट चालूच होती. २०१९ साली तर अल्बम इंग्रजीसोबत स्वीडिशमध्येही काढला, आणि त्याच वर्षी ते पुण्याच्या वीकेंडरला येऊन वाजवून गेले. बाजार बघणारा मातृभाषेत कशाला गाईल?

आमच्या नवेगाव बांधकडे हाच वाद दंडारीवरून होतो. दंडार मागे पडली, झाडीपट्टीची नाटकं आली, की-बोर्ड आला. म्हणून म्हणे सगळं बिघडलं. मला नाही पटत. रात्रभर थंडीत घोंगडी पांघरून नाटक बघणारी माणसं की-बोर्डसाठी बसत नाहीत, गोष्टीसाठी बसतात. पण त्याच नाटकात कथेशी काडीचा संबंध नसलेला नाच केवळ तिकिटासाठी घुसवतात, तेव्हा माझंही डोकं फिरतं. फरक इथेच आहे. बदल झाला का, हा प्रश्नच नाही. तो कलेने मागितला की गल्ल्याने, हे विचारा.

२०२४ च्या नोव्हेंबरात 'द लास्ट विल अँड टेस्टामेंट' आला आणि गुरगुर परतली. भक्त म्हणाले, बघा, आले ना ताळ्यावर! छे! ती कथा एका मेलेल्या घरधन्याच्या मृत्युपत्राची आहे आणि त्या म्हाताऱ्याचा आवाज म्हणून गुरगुर आहे. कथेला हवी होती म्हणून आली. उद्या नको असेल तर जाईल.

कलावंताने आपल्या विशीतल्या आवडीचं राखण करत बसावं, हा हट्ट प्रेमाचा नाही, मालकीचा आहे. ज्यांना जुनंच हवं त्यांनी 'ब्लॅकवॉटर पार्क' लावावा की. २००१ पासून तो जागचा हललेला नाही.