प्रेक्षकांच्या नावावर खपविली जाणारी अभिरुची

सायंकाळचे सात वाजतात. देवघरात निरांजन लागते आणि त्याच सुमारास दिवाणखान्यात दूरचित्रवाणीचा पडदा उजळतो. एकेकाळी या वेळी घरातील मुले हातपाय धुऊन शुभंकरोती म्हणत, पाढे पाठ करीत. आता त्या मुलांच्या कानांवर पडते ते एका सासूने सुनेच्या खिरीत काय कालवले याचे वृत्त. आजी जपमाळ ओढता ओढता पडद्यावरील नायिकेला बजावते, ‘अगं, ती खीर खाऊ नकोस!’ सूनबाई पोळ्या लाटता लाटता मान वळवून हसते. ‘हे असले कसले दाखवतात?’ असे म्हणत आजोबा वर्तमानपत्र बाजूला सारतात आणि तेही पाहू लागतात. तिघेही मालिकेला नावे ठेवतात, आणि दुसऱ्या दिवशी सात वाजता तिघेही आपापल्या जागी हजर असतात.

चहाच्या वेळी हाच प्रेक्षक जी मते मांडतो ती रोखठोक असतात आणि बहुधा अचूकही असतात. कथा कोठे ताणली गेली, कोणत्या पात्राचा स्वभाव एका रात्रीत बदलला, कोणता कलावंत वाया घालविला, हे त्याला कोणा समीक्षकाने सांगावे लागत नाही. परंतु वाहिन्यांच्या कार्यालयांत ही मते पोहोचत नाहीत. तेथे पोहोचतो तो केवळ एक आकडा. आणि त्या आकड्याकडे बोट दाखवून निर्माते गेली पंचवीस वर्षे एकच वाक्य ऐकवीत आले आहेत, ‘लोकांना हेच हवे असते.’ प्रेक्षकांच्या नावावर खपविल्या जाणाऱ्या या वाक्याची एकदा झडती घेणे आवश्यक आहे.

शितावरून भाताची परीक्षा

२०२० च्या सुमारास देशात दूरचित्रवाणी संच असलेली सुमारे २० कोटी घरे होती. मालिकांची लोकप्रियता मोजणाऱ्या ‘बार्क’ या संस्थेची यंत्रे त्यांपैकी सुमारे ४४ हजार घरांत बसविलेली होती. म्हणजे साधारण साडेचार हजार घरांमागे एक घर! नमुना पाहणीचे शास्त्र खोटे नाही. शितावरून भाताची परीक्षा होते, हे आपल्याकडे पूर्वापार मान्य आहे. परंतु शित एवढेच सांगते की भात शिजला. जेवणाऱ्याला तो आवडला, की ताटात दुसरे काही नव्हते म्हणून त्याने तो मुकाट्याने गिळला, हे शित सांगत नाही. यंत्र सांगते की सात वाजता संच अमुक वाहिनीवर होता. समोर बसलेली आजी कौतुकाने पाहत होती की बोटे मोडीत, याची नोंद त्या यंत्रात होत नाही.

आणि ताटात दुसरे काही असले तर काय होते, याचाही पुरावा उपलब्ध आहे. २८ मार्च २०२० पासून, टाळेबंदीच्या काळात, दूरदर्शनने रामानंद सागर यांची ‘रामायण’ ही १९८७-८८ मधील मालिका पुन्हा दाखविली. १६ एप्रिल २०२० रोजी तिचा भाग देशभरात ७.७ कोटी लोकांनी पाहिल्याचे दूरदर्शनने जाहीर केले. लोक घरात कोंडलेले होते आणि नव्या मालिकांचे चित्रीकरण बंद होते, हे मान्य. तथापि त्याच वेळी इतर शेकडो वाहिन्याही चालू होत्या आणि त्यांच्याही जुन्या मालिका लागतच होत्या. त्या सोडून प्रेक्षक तेहतीस वर्षांपूर्वीच्या, आजच्या मानाने अगदी साध्या तंत्राच्या मालिकेकडे वळला. ‘लोकांना हेच हवे’ म्हणणाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे.

‘कुंकू’पासून उलटा प्रवास

१९३७ मध्ये पुण्याच्या ‘प्रभात’ने व्ही. शांताराम यांचा ‘कुंकू’ हा चित्रपट काढला. ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर तो आधारलेला होता. वृद्ध विधुराशी फसवून लग्न लावून दिलेली नीरा तो विवाह मनोमन स्वीकारण्यास नकार देते आणि ताठ मानेने आपला नकार सांगते. शांता आपटे यांनी ती नीरा उभी केली. ज्या समाजात जरठ-बाला विवाह डोळ्यांदेखत होत होते, त्याच समाजाने हा चित्रपट पाहिला आणि डोक्यावर घेतला. त्या काळच्या निर्मात्यांनी ‘लोकांना हे रुचणार नाही’ असा हिशेब मांडला असता तर ‘कुंकू’ निर्माण झालाच नसता.

आता नव्या शतकाकडे पाहावे. २००० ते २००८ या काळात ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ ही मालिका अठराशेहून अधिक भाग चालली. तिच्या नायकाला मारण्यात आले, प्रेक्षकांनी आकांत मांडताच त्याला जिवंत करण्यात आले. मराठीत ‘चार दिवस सासूचे’ २००१ पासून २०१३ पर्यंत चालली आणि तिने तीन हजार भागांचा टप्पा ओलांडला. चार दिवसांची बारा वर्षे झाली! अशा दीर्घायुषी मालिकांनी जो साचा घडविला त्यात नायिका झोपेतही दागिने उतरवीत नाही, खलनायिका जिन्याआड उभी राहून सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात स्वगत बोलते, आणि एका वाक्यावर घरातील बारा माणसांचे चेहरे तीन-तीन वेळा दाखविले जातात. नीरेच्या पणतीच्या वयाची ही नायिका अन्याय मुकाट सोसते, नाही तर कारस्थान रचते. अन्यायाला सरळ नकार देण्याचा तिसरा मार्ग तिला ठाऊकच नाही. २०२५ मध्ये ‘क्योंकि’ नव्या रूपात परत आणावी लागली. नवे सुचत नसल्याची याहून स्पष्ट कबुली कोणती?

यातील सर्वांत आक्षेपार्ह गोष्ट अशी की हे सारे ‘संस्कृती’च्या नावाने विकले जाते. अंगणात तुळशीवृंदावन, हातात पूजेचे तबक, पार्श्वभूमीला मंत्रघोष आणि कथेत मात्र विषप्रयोग, बनावट मृत्युपत्र आणि दुसरे लग्न! मंगळसूत्र हे ज्या घरांत एका आयुष्यभराच्या विश्वासाचे चिन्ह आहे, त्या घरांत ते दर तिसऱ्या भागाला तुटून जमिनीवर पडते, तेही मंद गतीने. एकत्र कुटुंबातील सासू-सुना भांडत नाहीत असे कोणी म्हणणार नाही. पण त्या भांडतात आणि रात्री एका पंगतीला बसून जेवतात. त्या पंगतीचे चित्रण करण्यास प्रतिभा लागते. भांडणास केवळ ढोल-ताशांचे पार्श्वसंगीत पुरते.

चांगल्या बीजाची नासाडी

मराठी वाहिन्यांना चांगले सुचत नाही, असा आरोप करणे अन्यायाचे होईल. रमाबाई रानडे यांच्या जीवनावरील ‘उंच माझा झोका’ने (२०१२-१३) एका मुलीच्या अक्षरओळखीतून सारे सुधारणापर्व घराघरांत नेले. २०१९ मध्ये आलेल्या ‘अग्गंबाई सासूबाई’त सूनच पुढाकार घेऊन सासूचे दुसरे लग्न लावून देते, आणि पांढरपेशा घरांनी ते कौतुकाने पाहिले. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘आई कुठे काय करते’ने गृहिणीच्या न मोजलेल्या कष्टांचा प्रश्न मांडला. अनेक घरांतील आयांना तो आपलाच प्रश्न वाटला. मग आकडा वाढला, आणि आकडा वाढला की मालिका संपविता येत नाही. ती २०२४ पर्यंत चालली. आईचा मूळ प्रश्न नव्या नव्या संकटांच्या ढिगाऱ्याखाली दिसेनासा झाला. शंभर भागांत जे ठसले असते ते पाच वर्षांत पुसले गेले. येथे लेखकाला दोष देऊन भागत नाही. रोज एक भाग लिहिण्याच्या चरकात कोणाचीही प्रतिभा चिपाड होऊन बाहेर पडते.

२००८-०९ मधील ‘सा रे ग म प लिटिल चॅम्प्स’चे उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारे आहे. मुलांच्या स्पर्धा म्हणजे चिमुरड्यांना मोठ्यांच्या लटक्या-झटक्यांच्या गीतांवर नाचविणे, अशी समजूत रूढ झाली असताना या मुलांनी अभंग आणि नाट्यगीते गायिली. अख्खा महाराष्ट्र ती ऐकण्यासाठी घरी थांबला. अभंगाला प्रेक्षक नाही, असे म्हणणाऱ्यांची वाचा त्या दिवसांत बसली होती. मात्र या यशातून वाहिन्यांनी एवढाच बोध घेतला, की स्पर्धा चालतात. अभंग मागे पडला.

श्रद्धा आणि भांडवल

चित्रपटांकडे वळले तर हाच प्रेक्षक आपले-परके असा भेद न करता न्याय देताना दिसतो. २०१५ मध्ये ‘बाजीराव मस्तानी’त काशीबाई आणि मस्तानी यांना एकत्र नाचविण्यात आले, तेव्हा पेशव्यांच्या वंशजांनी आक्षेप घेतला. आक्षेप रास्त होता. १७२८ च्या पालखेडच्या मोहिमेत निजामाला लढाईवाचून कोंडीत पकडणारा सेनानी समजून घेण्यापेक्षा त्या चित्रपटाला नृत्यांचा उत्साह अधिक होता.

परंतु ज्यांच्या हेतूविषयी शंका नव्हती त्यांनी काय केले? १६ जून २०२३ रोजी ‘आदिपुरुष’ प्रदर्शित झाला. प्रत्येक चित्रपटगृहात एक आसन हनुमंतासाठी राखून ठेवण्याची घोषणा निर्मात्यांनी केली होती. भाविक सहकुटुंब गेले. आणि त्याच हनुमंताच्या मुखातून त्यांना नाक्यावरच्या टवाळ पोरांची भाषा ऐकावी लागली. काही दिवसांतच संवाद बदलावे लागले. शेकडो कोटींचा खर्च करूनही प्रभू रामचंद्रांच्या कथेत करुणा उतरली नाही. एका रिकाम्या आसनाने भक्ती सिद्ध होत नाही, हे प्रेक्षकाने पहिल्या आठवड्यातच सांगून टाकले. ज्यांनी ‘रामायण’ मालिकेपुढे हात जोडले होते, त्यांनीच हा चित्रपट नाकारला. प्रेक्षकाला श्रद्धेतील आणि श्रद्धेच्या व्यापारातील अंतर कळते, याला आणखी कोणता पुरावा हवा?

२०२५ मधील ‘छावा’ पाहून लोक ओल्या डोळ्यांनी बाहेर पडले. त्यांचे अश्रू खरे होते. तरीही त्याच्या जाहिरातीत लेझीम नृत्य दिसताच आक्षेप आला आणि दिग्दर्शकाने ते दृश्य वगळले. रोखठोक प्रेक्षक आणखी एक गोष्ट बोलून दाखवितो. ज्यांच्या नावावर ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ आहे, ज्यांनी नऊ वर्षे चहूबाजूंच्या शत्रूंशी झुंजत राज्य सांभाळले, त्या शंभुराजांमधील पंडित आणि प्रशासक पडद्यावर फारच थोडका दिसला. आपल्या आवडत्या चित्रपटातील उणीव सांगणे म्हणजे द्रोह नव्हे. ज्यांच्यावर प्रेम असते त्यांचे चित्र पूर्ण उतरावे, असा आग्रह धरणे हे त्या प्रेमाचेच लक्षण आहे.

दोषाचा दुसरा वाटेकरी

येथवर निर्मात्यांचे माप त्यांच्या पदरात घातले. आता प्रेक्षकाचेही घातले पाहिजे. २००४ मध्ये संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ने ‘श्यामची आई’नंतर अर्धशतकाने मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. दृष्टी गमावणार असलेल्या नातवाला आजोबा एक दिवस जग दाखवितात, एवढीशी कथा. तो ऑस्करच्या वारीला निघाला तेव्हा सामान्य माणसांनी वर्गणी काढली. २००९ मध्ये परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ने फाळक्यांचे वेड हसतखेळत सांगितले. अशा चित्रपटांच्या नावाने गहिवरणाऱ्या किती घरांनी नंतरच्या चांगल्या मराठी चित्रपटाचे तिकीट पहिल्या आठवड्यात काढले? ‘वाहिनीवर लागेल तेव्हा पाहू,’ असे म्हणून किती चांगले चित्रपट रिकाम्या सभागृहांतून उतरविले गेले?

वाईट चित्रपटाविरुद्ध निवेदन देण्यास शंभर कार्यकर्ते तत्काळ जमतात. पुष्कळदा चित्रपट पाहण्याआधीच जमतात, आणि त्यातून त्या चित्रपटाची फुकट जाहिरात होते. चांगला चित्रपट लागला म्हणून शंभर तिकिटे काढून वस्तीतील मुलांना घेऊन जाणारी शाखा, मंडळ किंवा महिला समिती किती ठिकाणी आढळते? अभिरुची निषेधाच्या फलकांनी घडत नाही. तिच्यासाठी तिकीट खिडकीवर रांगेत उभे राहावे लागते. नावडती मालिका बंद करण्यासाठी तर तेवढेही श्रम नकोत. यंत्र फक्त आकडा मोजते, हे एकदा कळल्यावर शिव्या घालीत पाहणे आणि टाळ्या वाजवीत पाहणे यांत कोणताही भेद उरत नाही. दोहोंची नोंद एकाच खात्यात, पसंतीच्या खात्यात होते.

तेव्हा एखाद्या घराने एवढे तरी ठरवावे. आठवड्यातून दोन संध्याकाळी सात वाजता संच बंद राहील. आजी नातवंडांना खिरीची नव्हे, नीरेची गोष्ट सांगेल. महिन्यातून एकदा सारे घर मिळून चांगला मराठी चित्रपट किंवा नाटक पाहील आणि परतताना मुलांना विचारील, ‘तुला काय पटले? काय पटले नाही?’ मुलांची मते आजोबांच्या मतांइतकीच रोखठोक निघतील. ती ऐकून घेण्याची तयारी मात्र मोठ्यांनी ठेवावी.