मापाचे साधन



धाराशिवच्या माणसाला बर्फ ठाऊक आहे तो सरबताच्या पेल्यातला. बालाघाटच्या माळावर चैत्रात हिरवे पानही दिसेनासे होते. अशा ठिकाणी बसून बर्फावरच्या खेळाविषयी लिहिणे काहीसे चमत्कारिक वाटेल. परंतु त्या खेळात दिव्यांग खेळाडूंसाठी घडलेल्या साधनांकडे पाहिले, तर दानधर्म करणाऱ्या आपल्यासारख्या व्यापारी कुटुंबांना त्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

स्की म्हणजे पायाला बांधायची लांब, चपटी पट्टी. तिच्यावर उभे राहून बर्फाळ उतारावरून घसरत जायचे, हा झाला मूळ खेळ. एक पाय गमावलेला खेळाडू एकाच पट्टीवर उभा राहतो आणि दोन्ही हातांत कुबड्या धरतो. त्या कुबड्यांच्या टोकाला छोट्या स्की बसवलेल्या असतात. ज्यांचे दोन्ही पाय निकामी आहेत, त्यांच्यासाठी ‘सिट-स्की’ आहे. तिच्यात खेळाडूच्या कमरेच्या आणि पाठीच्या मापाचे आसन, त्याखाली हादरे शोषून घेणारी यंत्रणा आणि सर्वांत खाली एक किंवा दोन पट्ट्या असतात. दृष्टिहीन खेळाडूच्या सोबतीला वाटाड्या असतो आणि त्याच्या आवाजाच्या आधारे तो वळणे घेतो. 1976 मध्ये स्वीडनमधील ऑर्नशोल्ड्सविक येथे पहिल्या हिवाळी पॅरालिंपिक स्पर्धा झाल्या, तेव्हा अवयव गमावलेले आणि दृष्टिहीन खेळाडूच त्यांत उतरले होते. बसून खेळणाऱ्यांसाठी ते दार पुढे उघडले.

या साधनातली खरी किमया मापात आहे. आसन जरा सैल झाले, तर खेळाडूने अंग झुकवले तरी पट्टी वळत नाही. ते नको तेथे घट्ट झाले, तर संवेदना नसलेल्या कातडीवर जखम होते आणि त्याला ती कळतही नाही. म्हणून तेथे आधी माणूस मोजतात आणि मग साधन घडवतात.

आपल्याकडे बर्फ नसला, तरी अशी माणसे आहेत. सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर लष्करात मुष्टियोद्धे होते. 1965 च्या युद्धात त्यांच्या शरीरात गोळ्या शिरल्या आणि पायांतले बळ गेले. उपचाराचा भाग म्हणून ते पाण्यात उतरले आणि 1972 मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे 50 मीटर जलतरणात त्यांनी भारताला पॅरालिंपिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. त्याच स्पर्धेत ते चाकाच्या खुर्चीवरील ‘स्लॅलम’ या अडथळ्यांच्या शर्यतीतही उतरले होते. स्लॅलम हा शब्द मुळात स्कीचा, उतारावर वळणे घेत उतरण्याच्या शर्यतीचा. पेटकरांना 2018 मध्ये पद्मश्री मिळाली; मधल्या सेहेचाळीस वर्षांत आपल्यापैकी कितीजणांना त्यांचे नाव ठाऊक होते, याचा ज्याने त्याने विचार करावा.

आणखी जवळचे उदाहरण आपल्या मराठवाड्यातलेच आहे. नांदेड जिल्ह्याच्या भाग्यश्री जाधव एफ-34 गटात बसून गोळा फेकतात. 2024 च्या पॅरिस पॅरालिंपिकच्या उद्घाटन सोहळ्यात सुमित अंतिल यांच्यासह भारताचा ध्वज त्यांच्या हाती होता. अशा खेळाडूंसाठी जमिनीला पट्ट्यांनी घट्ट बांधलेले लोखंडी वा ॲल्युमिनियमचे आसन लागते. गादीसह त्याची उंची 75 सेंटिमीटरपेक्षा अधिक चालत नाही आणि दुसऱ्या हाताने धरण्यासाठी त्याला एक उभा दांडा जोडता येतो. आपल्या बाजारपेठेत लोखंडी पाइप विकणारे दुकान आहे आणि ट्रॉल्या दुरुस्त करणारा वेल्डरही आहे. हे आसन त्यांच्या आवाक्याबाहेरचे नाही. खेळाडूची मापे घेऊन त्यांच्याकडे जाणारा कोणीतरी मात्र हवा.

साधन माणसाच्या जगण्याला जुळले पाहिजे, हे आपल्या देशाने फार पूर्वी दाखवून दिले आहे. परदेशी कृत्रिम पाय बुटात घालण्यासाठी घडवलेले होते. आपला माणूस मंदिरात अनवाणी जातो, मांडी घालून जेवतो, चिखलातून शेतात उतरतो. हे ध्यानी घेऊन 1968 च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जयपूर फूट घडवला. 1975 मध्ये जयपूर येथे स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो गरजूंना विनामूल्य दिला. आपल्या समाजाने गौरवाने सांगावे असे हे कार्य आहे.

परंतु आपल्या गावोगावच्या शिबिरांत काय घडते? एकाच मापाच्या खुर्च्या येतात, वाटप होते, छायाचित्रे निघतात. सहा नंबरच्या पायाला आठ नंबरचा जोडा आपण दुकानात कधी देत नाही. गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत येईल, हे आपल्याला ठाऊक असते. दान घेणारा परत येत नाही. तो निमूटपणे ती खुर्ची अंगणात ठेवतो आणि वर्षभरात तिच्यावर कपडे वाळू लागतात.

दिलेली मदत पुढे निभावायची कशी, हे याच जिल्ह्याने पाहिले आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूरसह आपल्या उमरगा-लोहारा भागातील गावे उद्ध्वस्त केली. तेव्हा भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी भूकंपग्रस्त भागातील सुमारे 1,200 मुलांना पुण्याला नेले आणि त्यांच्या शिक्षणाचा भार वर्षानुवर्षे उचलला. तेच धोरण खुर्चीलाही लागू पडते. पुढच्या खेपेस वडीलधाऱ्यांच्या पुण्यस्मरणार्थ शिबिर ठरेल, तेव्हा वाटपाच्या महिनाभर आधी मापे घेतली जावीत. निधीचा काही भाग दुरुस्तीसाठी राखून ठेवावा आणि गावातल्या सायकल दुरुस्तीवाल्याकडे खाते उघडावे. जवळच्या शाळेच्या मैदानात खुर्ची जाईल असा उतार आहे का, तेही पाहावे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 30 खेळात दिव्यांगांना सामावून घेण्याची जबाबदारी शासनावर टाकते. त्याचा आधार घेऊन शाळेशी आणि क्रीडा कार्यालयाशी बोलता येईल.

एक गोष्ट घरातली, आणि ती अधिक कठीण आहे. आपल्यापैकी काही घरांत असे मूल आहे. भावंडांच्या स्थळांना अडचण नको म्हणून पाहुणे आले की ते आतल्या खोलीत जाते. मोठे झाल्यावर त्याला गल्ल्यावर बसवले जाते आणि त्याची सोय झाली असे मानून घरचे निश्चिंत होतात. गल्ला सांभाळणे हे मानाचे काम आहे, याविषयी दुमत नाही. परंतु सायंकाळी गल्लीतली मुले मैदानाकडे निघतात, तेव्हा ते मूल काउंटरमागून त्यांच्याकडे पाहत असते. त्याला काय खेळायला आवडेल, हे आज दुकान वाढवण्यापूर्वी त्याच्याजवळ बसून विचारावे. त्याच्या उत्तरावरून कोणते साधन लागेल, ते ठरवता येईल.