बळ मागावं ते कसलं?

विरोधकांचे घाव माणूस सोसतो. आपल्याच माणसाने ‘आता पुरे’ म्हटलं की मात्र हातपाय गळतात. अशा वेळी देवाजवळ बळ मागावं, आणि ते कसं मागावं हे साने गुरुजींकडे पाहून शिकावं, असं मला वाटतं.

तेव्हा अस्पृश्य मानलेल्यांना पंढरपूरचं विठ्ठल मंदिर खुलं व्हावं, यासाठी गुरुजी १९४६च्या कार्तिकीलाच उपोषणाला बसणार होते. सहकाऱ्यांनी थांबवलं, आधी लोकांना समजावू, म्हणाले. मग सेनापती बापट आणि राष्ट्र सेवा दलाचं कलापथक यांच्यासह महाराष्ट्रभर दौरा झाला. गावोगावच्या विहिरी, देवळं खुली झाली. पंढरपूर हललं नाही. अस्पृश्य मानलेल्या संत चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी. त्यांच्या लेकरांनी तिथूनच हात जोडून माघारी फिरायचं, हा तेव्हा तिथला रिवाज होता!

१ मे १९४७ रोजी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झालं. भीमेपलीकडे चालते व्हा, अशा घोषणा गावात घुमत होत्या. त्या अपेक्षितच होत्या. अपेक्षित नव्हती ती गांधीजींची तार. त्यांच्यापर्यंत चुकीची माहिती गेली होती, आणि त्यांनी उपोषण सोडायला सांगितलं. ज्यांच्या हाकेसरशी तुरुंग पत्करला, तेच आता थांब म्हणत होते. गुरुजी किती हळवे, हे ‘श्यामची आई’ वाचलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्या माणसाने नम्रपणे नकार कळवला आणि उपोषण चालू ठेवलं.

नकाराइतकीच मला त्यातली नम्रता मोठी वाटते. पोट रिकामं, बाहेर शिव्याशाप, वर गुरुतुल्य माणसाची नाराजी, आणि तरी मनात कडवटपणा नाही, हे बळ नुसत्या निश्चयाने येत नाही. तो उपवास हीच गुरुजींची प्रार्थना होती, असं मी समजते. आपण मात्र संकटात हात जोडतो तेव्हा बहुतेकदा समोरच्याला अद्दल घडावी म्हणूनच जोडतो. मीही जोडले आहेत. अशा मागण्यातून मन आणखी शिणतं.

पुढे दादासाहेब मावळंकर मध्यस्थीला आले, बोलणी झाली आणि मंदिराचे पुजारी असलेल्या बडव्यांनी संमती दिली. त्यामागे लोकमताचा रेटा होता, मावळंकरांचं कसब होतं. पण समोरच्या माणसाला आपल्याला हरवायचंच नाही, हे दिसल्यामुळेही बडव्यांना ‘हो’ म्हणणं सोपं गेलं असेल, असं मला राहून राहून वाटतं.