गणसंख्येअभावी

‘गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व त्या सभेस गणसंख्येची अट राहणार नाही.’

वार्षिक सर्वसाधारण सभेच्या नोटिशीतलं हे शेवटचं वाक्य ज्या कोणी पहिल्यांदा लिहिलं, त्याला माझा साष्टांग नमस्कार. मराठी माणसाचं सगळं सार्वजनिक जीवन त्यानं दोन ओळींत बसवलं. सभेला माणसं आली नाहीत तर काय करायचं? अर्धा तास थांबायचं. म्हणजे येतील? छे! तोपर्यंत त्यांची गरजच संपते. उद्या लग्नपत्रिकेत कोणी छापलं, की ‘मुहूर्तास नवरी न आल्यास तेच लग्न त्याच मांडवात अर्ध्या तासाने लागेल व त्या लग्नास नवरीची अट राहणार नाही,’ तर आपण त्याला येरवड्याला दाखवून आणू. संस्थेच्या बाबतीत मात्र आपण नोटीस वाचतो, घडी घालतो आणि चष्म्याच्या घरात ठेवून देतो.

मी ज्या वाचनालयाचा आजीव सभासद आहे, ते जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या शिवेवर, मीना आणि घोड या दोन नद्यांच्या मधे कुठंतरी आहे. गावाचं नाव सांगत नाही. एक तर मला तिथंच राहायचं आहे. आणि दुसरं म्हणजे, नाव न सांगताही आसपासच्या निदान दहा गावांना हे आपलंच वाचनालय वाटेल, याची मला खात्री आहे.

आमचे अध्यक्ष वाईट आहेत असं कोणी समजू नये. वाईट असते तर फार बरं झालं असतं. पैसे खाणारा अध्यक्ष असला की निदान तो सभेला तरी येतो; खायला यावंच लागतं. भांडखोर अध्यक्ष असला की त्याचं भांडण बघायला गाव लोटतं. आमचे आबा यांतलं काहीच करत नाहीत. ते फक्त असतात. लेटरहेडवर असतात, फळ्यावर असतात, हार घातलेल्या फोटोशेजारच्या फोटोत असतात. पुण्याला मुलाकडे असतात, नाहीतर मुंबईला मुलीकडे असतात. गेली सात वर्षं त्यांनी संस्थेचं एकही वाईट केलेलं नाही, कारण वाईट करायलासुद्धा उठावं लागतं.

हल्ली तर कारभार मोबाइलवर आला आहे. कार्यकारिणीचा गट आहे. त्यावर आमच्या ग्रंथपालताई लिहितात, ‘उत्तरेकडच्या भिंतीला ओल आली आहे, कादंबऱ्यांचं कपाट भिजतंय, काय करू?’ खाली आबांचा अंगठा. ‘वर्तमानपत्रवाल्याचं तीन महिन्यांचं बिल थकलंय.’ अंगठा. ‘ऑडिटरनं कागद मागितलेत.’ अंगठा. आमच्या लहानपणी ज्याला लिहिता येत नसे तो अंगठा उठवायचा आणि त्याची त्याला लाज वाटायची. आता वाचनालयाचे पदवीधर पदाधिकारी अंगठा उठवतात आणि त्याला प्रतिसाद म्हणतात. कपाट भिजलंय याला हा होकार आहे, की भिजू दे म्हणून आशीर्वाद आहे, हे ताईंना अजून उलगडलेलं नाही.

जवळच खोडदला ती जगप्रसिद्ध रेडिओ दुर्बीण आहे. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना. काही खोडदला एका जागी, बाकीच्या कैक किलोमीटर पसरलेल्या. पण सगळ्या मिळून एकाच दिशेला तोंड करतात आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेली हायड्रोजनची कुजबुज ऐकतात. तीस! आमच्या कार्यकारिणीत अकरा जण आहेत आणि ते एका खोलीत बसून एका दिशेला तोंड करू शकत नाहीत. आबांचा स्पष्ट होकार किंवा नकार तर त्या दुर्बिणीलाही सापडेल असं मला वाटत नाही.

एकदा मी त्यांना फोनवर गाठलंच.

“आबा, सभा घ्या की एक.”

“घेऊ ना, गुरुजी! मी कुठं नाही म्हणतोय? पण लोकांना इंट्रेस्टच राहिला नाही बघा. सगळे मोबाइलमध्ये. कोणी येत नाही.”

“पण बोलावल्याशिवाय कसे येतील?”

“तेच म्हणतोय मी. बोलावून तरी काय उपयोग?”

वाचकहो, माझं खरं भांडण आहे ते या ‘इंट्रेस्ट राहिला नाही’शी. आपल्याकडे कुठलीही संस्था निजली, की तिच्या उशाशी बसलेला माणूस हे एक वाक्य म्हणतो आणि समोरचा ‘खरंय हो’ म्हणून मान हलवतो. मी मान हलवायला तयार नाही. माणसांचा उत्साह आटला म्हणून संस्था थंडावली हे साफ उलटं आहे. वरचा माणूस बसला म्हणून खालचे उठून गेले. बैल बसला की मागची गाडी थांबते. गाडी थांबली म्हणून बैल बसला, असं आमच्याकडे शेंबडं पोरगंही म्हणणार नाही.

आणि बैलांचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. बैलगाडा शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली. शर्यती असाव्यात की नसाव्यात यात मी पडत नाही. त्यावर आमच्या घरातच दोन पक्ष आहेत. पण आमच्या या दोन तालुक्यांतली माणसं पुढची सात वर्षं काय करत होती? मोर्चे काढत होती, वकील गाठत होती, मंत्र्यांना अडवत होती, आणि शर्यत नसताना बैल सांभाळत होती. न पळणाऱ्या बैलाचा खुराक काय असतो, हे ज्यानं पोसलाय त्यालाच विचारा. डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली, मे २०२३ मध्ये त्यावर कायमचं शिक्कामोर्तब झालं, आणि आता यात्रेच्या दिवशी घाटाच्या दोन्ही अंगांना मुंगीला पाय ठेवायला जागा नसते. या माणसांना इंट्रेस्ट नाही?

हरिनाम सप्ताह घ्या. सात दिवस, रात्रंदिवस वीणा खाली ठेवायची नाही. पहाऱ्याच्या पाळ्या लागतात, रात्री दोन ते चारला कोण उभं राहणार हे ठरलेलं असतं, आणि तो मनुष्य डोळे चोळत का होईना, येतो. पंगतीला आमटी कोण वाढणार, भांडी कोण घासणार, सगळं ठरतं. तिथं गणसंख्येची अट नाही म्हणून अर्ध्या तासानं वीणा खुंटीला लावलेली मी तरी पाहिली नाही. पण तिथं एक फरक आहे. सप्ताहाचा जो पुढारी असतो तो स्वतः पहाटे काकड्याला उभा असतो. त्याला पाहून बाकीचे येतात. एवढंच गुपित आहे, आणि ते शोधायला कुठल्या व्यवस्थापन-शिबिराला जावं लागत नाही.

मुंबईचे डबेवाले कुठले? मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर याच पट्ट्यातले. १८९० पासूनची ही व्यवस्था. कोरोनानं तिचं कंबरडं मोडलं, माणसं पुष्कळ घटली, तरी ती उभी आहे. तिच्यावर परदेशी विद्यापीठांत व्याख्यानं होतात आणि आमच्या गावात त्यांच्याच भाऊबंदांना वाचनालयाचं कुलूप उघडता येत नाही! डबेवाल्यांच्या टोळीचा मुकादम असतो. टोळीतला एखादा गडी आजारी पडला तर मुकादम स्वतः डबे उचलतो. ‘डबे नेण्यात हल्ली लोकांना इंट्रेस्ट राहिला नाही’ असं म्हणून तो चर्चगेटला बाकावर बसला, तर मुंबई दुपारी उपाशी राहील.

इतिहासात फार मागं जायचं असेल तर जुन्नरच्या लेण्यांत चला. आपण शिवनेरीवर जातो, लेण्याद्रीला जातो, गणपतीच्या पाया पडतो, भेळ खातो आणि उतरतो. भिंतीवर काय लिहिलंय ते बघत नाही. जुन्नरभोवतीच्या लेण्यांतल्या एका शिलालेखात नोंद आहे की धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं, म्हणजे त्यांच्या संघानं, सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याचं टाकं दान दिलं. दुसऱ्या एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचे उल्लेख आहेत. लोक त्यांच्याकडे दानाच्या ठेवी ठेवत. ही अठराशे-दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या श्रेणींनाही अध्यक्ष असणार, चिटणीस असणार. पण सात खोल्या खडकात खोदून झाल्यावर त्यांनी लिहिलं, ‘हे आम्ही दिलं’. आणि तेही संघाच्या नावानं. आमच्याकडे आधी कोनशिला बसते. तिच्यावर बारा नावं असतात. मग कोनशिलेच्या मागं इमारत यायची ती येत नाही, आणि कोनशिलेला टेकून कोणीतरी शेळी बांधतं.

आता हे सगळं एका वाचनालयासाठी एवढं तावातावानं का? सांगतो.

१९६७ साली महाराष्ट्रानं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. अनुदान कुणाला श्रीमंत करत नाही. २०२२ साली त्यात साठ टक्के वाढ जाहीर झाली, तेव्हा आमच्या ताईंनी पेढे आणायचं मनात आणलं होतं. मग हिशेब करून बत्तासे आणले. पण त्यावरच वर्तमानपत्रं येतात, वीजबिल भरलं जातं आणि ताईंचा पगार होतो. हे अनुदान मिळायला वेळेवर अहवाल लागतो, हिशेब तपासलेले लागतात, चेकवर सह्या लागतात. सह्या कोणाच्या? आबांच्या आणि चिटणिसांच्या. आबा पुण्यात. चिटणीस गावात असतात, पण ‘आबांनी केली की मी करतो’ या तत्त्वाचे. २०१२ साली राज्यभर ग्रंथालयांची पडताळणी झाली, तेव्हा कितीतरी वाचनालयं निव्वळ कागदावर सापडली होती. आमचं उलटं आहे. आमचं वाचनालय जमिनीवर आहे. कागदावरून मात्र पुसलं जायची वेळ आली आहे.

आणि कोण म्हणतं वाचक नाहीत? संध्याकाळी या. मागच्या खोलीत पोलीस भरतीची आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं-पोरी दाटीवाटीनं बसलेली असतात. बल्ब गेला तर वर्गणी काढून आणतात. अंधार पडला की उसाच्या कडेनं पोरींनी एकटीनं घरी जायचं नाही म्हणून चार-चारच्या टोळ्या करून जातात. आमच्याकडे बिबट्या ही थट्टेची गोष्ट राहिलेली नाही. एवढं करून जी मुलं येतात, ती सभासद का नाहीत? कारण वीस-बावीस अर्ज गेल्या दिवाळीपासून ताईंच्या टेबलाच्या खणात आहेत. घटनेप्रमाणे नवा सभासद कार्यकारिणीच्या मंजुरीनं होतो आणि कार्यकारिणीची सभा होत नाही. म्हणजे माणसं येत नाहीत म्हणून सभा नाही, आणि सभा नाही म्हणून माणसं घेता येत नाहीत. वर आबा फोनवर सांगणार, तरुणांना इंट्रेस्ट नाही!

मी आबांना काम करा असं म्हणतच नाही. वय झालं, गुडघे दुखतात, नातवंडं आहेत. माणसाला निवांत बसायचा हक्क आहे. पण तो आपल्या खुर्चीत बसायचा, गावाच्या नाही. आपल्याकडे राजीनामा म्हणजे अपमान, अशी एक चमत्कारिक समजूत आहे. अरे, पाटावरून उठल्याशिवाय दुसरी पंगत बसेल कशी? हात धुऊन, विडा घेऊन, ओसरीवर बसा; कोणी हाकलत नाही. बाबू गेनू याच आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा. १२ डिसेंबर १९३० ला परदेशी कापडाच्या लॉरीपुढं मुंबईत आडवा झाला तेव्हा बावीस वर्षांचा गिरणी कामगार होता, साधा स्वयंसेवक. त्याच्या नावामागं ‘कार्याध्यक्ष’ नव्हतं, ‘सल्लागार’ नव्हतं, ‘निमंत्रित सदस्य’ तर नव्हतंच नव्हतं.

आमच्या घटनेत दोन कलमं मला सापडली आहेत. एक असं, की लागोपाठ तीन सभांना कारण न कळवता गैरहजर राहणाऱ्याचं पद आपोआप रिकामं होतं. वाचून मी हुरळलो. पण चिटणिसांनी शांतपणे दाखवून दिलं, की सभाच झालेल्या नसल्यामुळे गैरहजर कोणीही राहिलेलं नाही. उपस्थिती शंभर टक्के आहे.

दुसरं कलम जरा दमदार आहे. एकूण सभासदांपैकी एक तृतीयांश लोकांनी सही करून मागणी केली, तर विशेष सभा घ्यावीच लागते. तेव्हा मी गेला महिनाभर वही घेऊन दारोदार फिरतो आहे. यादीत एकशे चौदा आजीव सभासद आहेत. म्हणजे अडतीस सह्या हव्यात. मिळाल्या आहेत एकतीस. अडचण अशी, की एकशे चौदांतले पुष्कळ जण वारले आहेत. त्यात विश्वस्तही आहेत. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयाला बदल अर्ज द्यायचा असतो. तो न दिल्यामुळे तिथल्या दप्तरी ही मंडळी अजून सुखरूप आहेत. मी चिटणिसांना म्हटलं, गेलेल्यांची नावं कमी करा, म्हणजे एक तृतीयांश लगेच भरेल. ते म्हणाले, “करू की. पण त्याला ठराव लागतो, गुरुजी. आणि ठरावाला सभा.”

तेव्हा रविवारी पुन्हा निघतो आहे. यादीतली पुढची दोन नावं ओझरच्या वाटेवरच्या वस्तीवर आहेत. पैकी एक हयात आहे असं कळतं.