‘उन्हाची ॲलर्जी’ ही नोंद पुरेशी नाही

शिरूर व दौंड तालुक्यांतील आमच्या व्यवसायबंधूंच्या नोंदवह्यांत फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत ‘उन्हाची ॲलर्जी’ हे दोन शब्द वारंवार आढळतात. ऊसतोड करणारा, कांदा काढणारी, गुऱ्हाळावर राबणारा, कुरकुंभ वा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतून दुपारी सुटणारा, अशा सर्वांच्या नावापुढे हेच निदान. रोगसंकेतांकाचा रकाना असलाच तर तो रिकामा. हा रकाना विमा कंपनीच्या कारकुनासाठी आहे आणि बाह्यरुग्णाचा विम्याशी संबंध नाही, असे समजून आपण तो सोडून देतो. आमच्या मते तो रकाना प्रथम वैद्याच्या उपयोगाचा आहे, कारण तो हेतू विचारतो. आणि हेतू ठरल्याशिवाय निदानपरिवर्जन कशाचे करावयाचे?

आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत सूर्यप्रकाशजन्य त्वग्विकारांस स्वतंत्र स्थान आहे. एल ५५ म्हणजे उन्हाने त्वचा भाजणे, एल ५६ म्हणजे अतिनील किरणांमुळे होणारे इतर तीव्र विकार, आणि एल ५७ म्हणजे वर्षानुवर्षांच्या उन्हाचे परिणाम. यांतील एल ५७.८ खाली ‘शेतकऱ्याची त्वचा’ असा चक्क नामोल्लेख आहे, हे वाचून आम्हांस गंमत वाटली. घामोळे मात्र येथे नाही. ते स्वेदवह स्रोतसांच्या अवरोधाचे म्हणून एल ७४ मध्ये जाते. वर्गीकरण करणाऱ्यांनी ऊन आणि उष्णता यांत भेद केला आहे, आपण व्यवहारात तो पुष्कळदा करीत नाही.

आपल्या भागात सर्वांत मोठी गफलत होते ती गाजर गवताच्या बाबतीत. हे गवत भारतात प्रथम नोंदले गेले तेच पुण्यात, १९५५-५६ च्या सुमारास. आज कालव्यांचे काठ, दौंडच्या रेल्वे यार्डाभोवतालची पडीक जमीन, शिरूरकडील बांध, सर्वत्र ते माजले आहे. त्याच्या वाळलेल्या चुऱ्याचे सूक्ष्म कण वाऱ्याबरोबर उडून चेहऱ्यावर व मानेवर बसतात. त्वचा लाल, जाड व कंडूयुक्त होते, उन्हात दाह वाढतो, आणि रुग्ण स्वतःच निदान घेऊन येतो : “वैद्यबुवा, ऊन सोसत नाही.” अशा वेळी पापण्या, कानामागचा भाग, हनुवटीखालचा भाग आणि कोपराची खाच अवश्य पाहावी. केवळ प्रकाशजन्य विकार या झाकलेल्या जागा बहुधा सोडतो. हवेतून येणारा कण सोडत नाही. या रुग्णाचा संकेतांक एल ५६ नव्हे, वनस्पतिजन्य संपर्कदाहाचा एल २३.७ होय. जुनाट रुग्णांत पुढे खरी प्रकाशासहिष्णुताही जडते व चित्र मिश्र होते, हे मान्य. परंतु पहिल्या वर्षी ज्याला आपण छत्री वापरण्याचा सल्ला दिला आणि जो दुसऱ्या दिवशी तेच गवत हातांनी उपटावयास गेला, त्याला आपल्या औषधाने गुण कसा यावा?

दख्खनच्या ज्वारीच्या पट्ट्यात पेलाग्राची आठवणही ठेवावी. गळ्याभोवती व हातांच्या पाठीवर काळवंडलेली, सोललेली त्वचा, सोबत अतिसार आणि मनोभ्रंश असेल, तर ऊन निमित्तमात्र आहे. जीवनसत्त्वाच्या अभावाचा हा रोग ई ५२ या पोषणविभागातील आहे आणि आज तो मद्यपींत अधिक संभवतो.

आता एक अप्रिय विषय. एल ५६.० हा औषधामुळे उद्भवलेल्या प्रकाशविषाक्ततेचा संकेतांक आपल्या वह्यांत जवळजवळ नसतोच. डॉक्सिसायक्लिन किंवा थायाझाइड घेणाऱ्या रुग्णात तो सुचतो, आणि दोष आधुनिक औषधाकडे जातो म्हणून लिहिण्यास मनही तयार असते. बाकुचीच्या बाबतीत लेखणी अडते. वस्तुतः सोरालेन हे नावच बाकुचीच्या शास्त्रीय नावावरून आले आहे. चरकाने श्वित्रचिकित्सेत औषधानंतर आतपसेवन आणि नंतर येणारे स्फोट यांचे वर्णन केले आहे. म्हणजे औषध व ऊन यांच्या संयोगाचे सामर्थ्य आपल्या परंपरेस पुरते ठाऊक होते. ते सामर्थ्य मात्रेत वापरले तर चिकित्सा. तेच तेल लावून रुग्ण दिवसभर ऊस तोडावयास गेला तर व्रण. अशा व्रणास ‘उष्णता बाधली’ असे लिहिणे आम्हांस शास्त्रनिष्ठा वाटत नाही. तेल केवळ बाहेरून लावले असेल आणि विकार त्या जागेपुरता असेल, तर एल ५६.२ या संपर्कजन्य प्रकारचाही विचार करावा.

परकी संकेतपद्धती कशाला, हा आक्षेप आम्ही ऐकला आहे. तो आता फारसा टिकत नाही. ‘नमस्ते’ या राष्ट्रीय संकेतस्थळावर २०१७ पासून आयुर्वेदीय व्याधींचे स्वतःचे संकेतांक आहेत आणि अकराव्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीचा आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांसाठीचा विभाग १० जानेवारी २०२४ रोजी नवी दिल्लीत प्रकाशित झाला. दोन्ही संकेतांक शेजारी शेजारी लिहावयाचे आहेत, एकाने दुसऱ्यास हटवावयाचे नाही. कुष्ठाचा प्रकार व दोषदूष्ये आपण लिहूच; त्यापुढे बाह्य हेतूचा संकेत जोडला तर बिघडते काय?

औषधविक्रेत्या बंधूंना येथे विशेष विनंती. बाकुचीयुक्त तेल वा लेप देताना पावतीवर उत्पादनाचे नाव व बॅच क्रमांक लिहावा, ‘लावून उन्हात कामास जाऊ नये’ हे तोंडी सांगावे, आणि कोणी फोड घेऊन परत आल्यास दुसरे मलम न देता वैद्याकडे पाठवावे. वैद्याने एल ५६.० सोबत वाय ४० ते वाय ५९ या गटातील औषधाचा जोडसंकेत लिहावा, तोच बॅच क्रमांक नोंदवावा, आणि ती नोंद आयुष औषधसुरक्षा कार्यक्रमाकडे धाडावी. त्याचे राष्ट्रीय समन्वय नवी दिल्लीतील अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानाकडे आहे. येत्या चैत्रापासून दोन्ही तालुक्यांतील सभासदांनी निदान एवढा एक संकेतांक तरी न वगळता लिहावा, असा आमचा आग्रह आहे.